लोणारच्या सरोवराकाठी

व्यापारी माणसाच्या नशिबी प्रवास पुष्कळ असतो, परंतु पाहणे थोडे असते. गावोगावच्या मोंढ्यांतून आम्ही चाळीस वर्षे फिरलो. जालना, परभणी, लातूर, अकोला येथील तुरीचा दाणा मुठीत घेताच कोठला ते आम्ही सांगू. पण त्या गावांच्या वेशीबाहेर पाहण्यासारखे काय आहे असे कोणी विचारले, तर निरुत्तर होऊ. जालन्याहून अवघ्या नव्वदएक किलोमीटरवर असलेले लोणारचे सरोवर साठी उलटून पाच वर्षे होईपर्यंत आम्ही पाहिले नव्हते, यावरून सुज्ञ वाचकांनी काय ते समजावे.

गेल्या मार्गशीर्षात शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनास सहकुटुंब जाण्याचे ठरले, आणि वाटेत लोणार करावे असा आग्रह जालन्याच्या व्याह्यांनी धरला. आम्ही तो मानला याला आणखी एक कारण होते. आमच्या आजोबांनी परभणी सोडून हैदराबादेस बेगमबाजारात किराणा-भुसाराची पेढी घातली, त्या वेळच्या मोडीत लिहिलेल्या दोन वह्या अद्याप घरी आहेत. त्यांतील फसली सन १३४५, म्हणजे इसवी सन १९३५-३६ च्या वहीत जालन्याच्या आडतीतून आलेल्या मालाच्या यादीत ‘लोणारखार, पोती दोन’ अशी नोंद आहे. आमच्या मातोश्रींचे वय आज अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. त्या खाराच्या पापडांची गोष्ट त्या आपल्या सासूबाईंकडून ऐकत आल्या. आम्ही निघताना त्या म्हणाल्या, “लोणारला जातोच आहेस, तर खाराचा एक खडा आण. एकदा त्याचे पापड करून पाहू.” एवढी सोपी मागणी पुरी न करणारा मुलगा तो कोण? आम्ही होकार देऊन निघालो.

काचीगुड्याहून रात्रीच्या गाडीने निघून सकाळी जालन्यास उतरलो. तेथून मोटारीने मंठ्याच्या वाटेने लोणार. सोयाबीन निघून गेलेली काळी राने, त्यांत हरभऱ्याचे हिरवे पट्टे, बांधाबांधाला शेंगांनी वाकलेली तूर, आणि मधूनमधून कापूस वेचणाऱ्या बायांच्या रांगा. आमचे लक्ष, सवयीप्रमाणे, तुरीच्या शेंगा भरल्या आहेत की नाहीत याकडेच होते. जमीन सारी सपाट. जवळपास मोठे तळे असेल अशी कोणतीही खूण दिसत नाही. लोणार गाव आले, घरे संपली, लहानसा चढ चढून आम्ही कठड्यापाशी उभे राहिलो, आणि पायांखालची भूमी एकाएकी संपली.

समोर एक अवाढव्य वाटोळी परात कोणी जमिनीत दाबून बसवावी तसा तो खळगा. काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर रुंद, आणि खोली सुमारे दीडशे मीटर. कडा चोहोबाजूंनी उभ्या, दाट झाडीने झाकलेल्या. तळाशी हिरवट, स्तब्ध पाणी. काठावरून खाली पाहिले असता झाडीतील देवळांची शिखरे मुलांच्या खेळण्यांएवढी दिसतात. आमच्यातील बोलके लोकही तेथे काही वेळ गप्प उभे राहिले.

शाळेत असताना लोणार म्हणजे विझलेल्या ज्वालामुखीचे मुख असे आम्ही शिकलो होतो, व तीच विद्या नातवाला शिकवू लागलो. तो विज्ञान शाखेचा विद्यार्थी. अदबीने पण ठामपणे म्हणाला, “आजोबा, ते मत आता मागे पडले. ही ज्वालामुखीची नव्हे, उल्केची खूण आहे.” मग त्याने सांगितले ते वाचकांसही सांगण्याजोगे आहे.

दख्खनचा सारा काळा खडक ज्वालामुखीच्या लाव्हारसाचा आहे, यात शंका नाही. परंतु तो रस सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला आणि थंड झाला. हा खळगा त्या मानाने कालचाच. सन १८२३ मध्ये जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या सरोवराची माहिती युरोपीय जगास करून दिली. तेव्हापासून दीड शतक, हा ज्वालामुखी की आणखी काही, यावर वाद चालला. अखेर तळाला छिद्रे पाडून खालचा दगड वर काढण्यात आला. त्यात एक काचेसारखा पदार्थ मिळाला. तो केवळ प्रचंड आघातानेच बनतो. लाव्हाच्या उष्णतेने बनत नाही. १९७३ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि वाद मिटला. आकाशातून प्रचंड वेगाने आलेली उल्का येथे आदळली, तिच्या आघाताने खडकाचे पीठ झाले, आणि ही परात तयार झाली. वयाविषयी मात्र अंदाज बदलत गेले. आधी सुमारे बावन्न हजार वर्षे धरीत; २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ते सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षे ठरविले. ज्वालामुखीच्या काळ्या दगडात उल्केने पाडलेला इतका सुस्थितीतील खळगा पृथ्वीवर दुसरा नाही. पन्नास वर्षे बाळगलेली समजूत नातवाने पाच मिनिटांत उडवून दिली, पण त्याचा आम्हांस विषाद वाटला नाही. जुनी वही चुकली असेल तर नवी मांडावी, हा धंद्याचाच नियम आहे.

पुराणकारांनी या खळग्याचा उलगडा आपल्या परीने केला आहे. लवणासुर नावाचा दैत्य येथे भूमीखाली दडून राही. विष्णूने त्याचा वध केला, आणि तेव्हापासून हे पाणी खारे. गावातील दैत्यसूदनाचे मंदिर त्याच कथेचे स्मारक. त्याच्या भिंतींवरील कोरीव काम पाहता पाहता मान अवघडते. कड्याच्या वरच्या अंगास ‘धार’ म्हणून बारमाही झरा आहे. गोमुखातून पडणारे त्याचे पाणी गोड. आठ महिने कोरड्या असणाऱ्या या मुलखात वर गोड पाण्याची धार आणि खाली खारे सरोवर, हा विरोधाभास पाहून प्राचीन लोकांस येथे तीर्थ मानावेसे वाटले यात नवल नाही.

खाली उतरण्यास पायवाट आहे. सागाची आणि बाभळीची झाडी, वाटेत वानरे, कोठे मोरांचा आवाज, आणि झाडीत पडझड झालेली जुनी देवळे. आमच्या सौभाग्यवती व विहीणबाई अर्ध्या वाटेवर एका देवळाच्या ओट्यावर थांबल्या. आम्ही, व्याही आणि नातू काठापर्यंत गेलो. जसजसे पाणी जवळ येते तसतसा एक उग्र, खारट वास नाकाला जाणवतो. पाण्यात मासोळीची सळसळ नाही. कपड्याचा सोडा, मीठ आणि त्यांच्या जातीचे क्षार यांनी ते भारलेले आहे. साध्या पाण्यात जे जीव जगतात ते येथे जगत नाहीत; मात्र याच पाण्यात जगणारे सूक्ष्म जीव आणि शेवाळी आहेत, व पाण्याचा हिरवा रंग त्यांचाच. २०२० च्या जून महिन्यात पाणी आटून खारेपणा वाढला, तेव्हा दुसऱ्या एका जातीच्या सूक्ष्म जीवांनी सारे सरोवर गुलाबी केले होते, व त्याची चित्रे देशभर वृत्तपत्रांतून छापून आली होती.

कमळजा देवीचे प्रसिद्ध मंदिर पाण्याच्या काठीच आहे. नवरात्रात येथे यात्रा भरते. तेथेच ‘सासू-सुनेची विहीर’ आहे. तिचे एका बाजूचे पाणी गोड व दुसऱ्या बाजूचे खारे, अशी तिची ख्याती. परंतु अलीकडच्या वर्षांत सरोवराचे पाणी वाढल्यामुळे वाटेचा शेवटचा भाग बुडाला होता. “विहीर तिथं आहे, पाण्याखाली,” असे वाटाड्याने काठीने दाखविले, आणि आम्ही देवीला दुरूनच हात जोडले. गोडे पाणी वाढले की सरोवराचा खारेपणा उतरतो, आणि खारेपणा उतरला की त्यावर जगणारी सारी सृष्टीच धोक्यात येते, याची अभ्यासकांस काळजी आहे, असेही तो म्हणाला. गोड पाण्याचीही कोणाला भीती असते, हे आम्ही प्रथमच ऐकले.

आता आमच्या खड्याची गोष्ट. काठच्या एका खडकाच्या खोबणीत पांढरट पापुद्रा धरलेला दिसला. आम्ही खिशातून रुमाल काढला व नखाने तो खरवडू लागलो. तोच मागून आवाज आला, “काकाजी, ठेवा ते. इथला खडासुद्धा नेता येत नाही.” वनखात्याचा तरुण रक्षक होता. आम्ही म्हणालो, “अरे बाबा, आमच्या आजोबांनी येथला खार पोत्यांनी विकला आहे, आणि आम्ही चिमूटभर नेऊ नये?” तो हसून म्हणाला, “म्हणूनच तर, काकाजी. साऱ्यांच्या आजोबांनी नेला.”

उत्तर मोठे मार्मिक होते. पण खरे सांगावयाचे तर त्या क्षणी आम्हांस राग आला. व्याह्यांनी आमच्या खांद्यावर हात ठेवून वाट धरली. वर चढताना धाप लागली, ती सारीच चढाची नव्हती.

दुपारी गावात एका वयोवृद्ध किराणा दुकानदाराची गाठ पडली. आमचा धंदा कळताच त्यांनी गादीवर जागा करून दिली. खाराचा विषय निघताच त्यांचा चेहरा उजळला. चैत्र-वैशाखात ऊन तापले की पाणी मागे हटे, आणि काठावर खार उमटे. कोणी तो टोपल्यांत भरी, कोणी गाळ चाळून काढी. मृगाचा पाऊस पडला की हंगाम संपला. मालाच्या जाती ठरलेल्या होत्या. ढेकळासारखा तो डल्ला, पापुद्र्यासारखी ती पापडी, भुकटी ती भुस्की, आणि खुप्पल निराळाच. साबण, काच, रंगारी, धोबी अशी निरनिराळी गिऱ्हाइके. जसा आपण गव्हाचा दर्जा ठरवितो तसा ते खाराचा दर्जा ठरवीत. धंदा काही कालचा नव्हे. अकबराच्या दरबारातील अबुल फजलाने ‘ऐन-ई-अकबरी’त वऱ्हाडचे वर्णन करताना, साबण आणि काच करण्याचे पदार्थ येथे मिळतात असे सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवले आहे. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, आणि त्यांच्या अमदानीत खाराचा ठेका चाले. आता ते सारे बंद झाले. २००० साली येथे अभयारण्य झाले, आणि २०२० साली रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत लोणार दाखल झाले.

आम्ही विचारले, “शेटजी, इतकी शतके खार काढला, तरी तो संपला कसा नाही?”

ते म्हणाले, “तुम्ही व्यापारी. सोपा हिशेब आहे. या तळ्याला आवक आहे, जावक नाही.”

आमच्या मनात त्या दिवसाचा जो ठसा उमटला तो या वाक्याचा. परातीला चोहोबाजूंनी कड; बाहेर पडणारा ओढा नाही, नदी नाही. पावसाचे पाणी येते, झऱ्यांचे येते, आणि जाण्यास एकच वाट, ऊन. पाणी वाफ होऊन जाते, पण त्याबरोबर आलेला क्षाराचा कण मागे राहतो. हजारो वर्षांचा तो कणकण साचूनच हे पाणी असे खारे झाले. मग वृद्ध दुकानदार हळूच म्हणाले, “खार जसा राहतो, तसे बाकीचेही राहते. गावातले सांडपाणी वर्षानुवर्षे खाली गेले. खळग्यातल्या मळ्यांतून खते गेली, फवारे गेले. पूर्वी लोक म्हणत, वाहून जाईल. अहो, जाईल कुठे?”

ते वाक्य ऐकून आम्ही चहाचा पेला खाली ठेवला. येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ती आजवर आम्ही कोठे लिहिलेली नाही.

सन १९८६ च्या पावसाळ्यात मुशी नदीच्या बाजूच्या आमच्या वखारीत मुगाला कीड लागली. त्या काळी पोत्यांवर बी. एच. सी.ची भुकटी टाकण्याची सर्रास चाल होती. १९९७ साली सरकारने तिच्यावर बंदी घातली, पण तेव्हा ती कोणत्याही दुकानात मिळे. आम्ही तरुण, घाईचे. मापाचा विचार न करता टाकली. पुढे छप्पर गळाले, पोती भिजली, जमिनीवर चिखल झाला. हमालांकडून आम्ही सारी वखार पाण्याने धुऊन घेतली, आणि तो पांढरा राडा मागच्या नाल्यात ढकलला. वडिलांनी संध्याकाळी विचारले, “भिजलेल्या मालाचे आणि त्या भुकटीचे काय केलेस?” आम्ही म्हणालो, “वाहून गेले.” दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाताऱ्या हमालाने आम्हांला नाल्यापाशी नेले. मासोळ्या आणि बेडूक पोट वर करून तरंगत होते. मोजता येणार नाहीत इतके. जमिनीवरून चालताना मुंगी वाचवावी, पाणी गाळल्याशिवाय पिऊ नये, सूर्यास्तानंतर जेवू नये, हे ज्या घरात आईच्या दुधाबरोबर शिकविले जाते त्या घरचा मुलगा तेथे उभा होता. वडील आम्हांस एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी त्या दिवशी उपवास केला. आम्ही मात्र जेवलो, आणि दुकानात जाऊन बसलो.

एवढी वर्षे आम्ही मनाची समजूत घालीत आलो की, नाला मुशीला मिळाला, मुशी कृष्णेला, कृष्णा समुद्राला. गेले ते गेले. लोणारने ही समजूत काढून घेतली. वाहणाऱ्या पाण्यात आपले पाप दुसऱ्याच्या गावाला जाते, म्हणून आपल्या डोळ्यांआड होते, एवढेच. मुशीच्या काठी खाली गावे नाहीत काय? त्यांची भाजी, त्यांची जनावरे नाहीत काय? पृथ्वी ही लोणारसारखीच एक मोठी परात आहे, तिच्या कडा आपल्याला दिसत नाहीत म्हणून ती फुटकी ठरत नाही.

त्या तरुण रक्षकावरचा आमचा राग तेथेच गेला. ज्या तळ्यात शतकानुशतके साऱ्यांनी हात घातला, तेथे कोणीतरी एकदा ‘नको’ म्हणावयास हवेच होते. मालकी सांगणारे पुष्कळ झाले. विश्वस्त व्हावयास माणसे थोडी. ट्रस्टच्या हिशेबात एक पै इकडची तिकडे झाली तर आपण सभेत उभे राहून जाब विचारतो. मग जो ठेवा लाखो वर्षे साठला, त्याचा जाब कोणी विचारावयाचा?

सूर्यास्तापूर्वी भोजन उरकावयाचे असल्याने लोणारमधील बाकीचे पाहणे थोडक्यात आटोपले. सरोवराच्या जवळच ‘अंबर’ नावाचे धाकटे तळे आहे. मूळ उल्केच्या तुकड्याने तेही झाले असावे, असे काही जण म्हणतात. तेथे निजलेल्या मोठ्या मारुतीची मूर्ती आहे, व तिचा दगड लोहचुंबकासारखा आहे असे गावकरी सांगतात. मुक्कामास मेहकरला गेलो. सकाळी तेथील शारंगधर बालाजीचे मंदिर पाहिले. १८८८ साली भूमीतून निघालेली ती काळ्या पाषाणाची भव्य मूर्ती पाहून व्याही म्हणाले, “या मातीत काय काय पुरून ठेवले असेल कोण जाणे!” तेथून शिरपूरचे दर्शन उत्तम घडले. परतताना सुलतानपूर, बिबी या वाटेने सिंदखेडराजास आलो, आणि जिजाऊंच्या जन्मस्थानी मस्तक टेकवून जालना गाठले.

सुलतानपुराजवळ एका शेतकऱ्याच्या खळ्यावर तूर पाहण्यास थांबलो होतो. चाळिशीचा गृहस्थ, पाच एकरांचा धनी. लोणारच्या तळ्याविषयी विचारले तेव्हा म्हणाला, “आम्हाला रोजचंच आहे ते. पण शेटजी, तळ्याच्या वरच्या अंगाला ज्यांची शेतं आहेत त्यांना आता फवारणीला बंधनं आली. माल कमी आला तर तो भाव तुम्ही देणार का?” प्रश्न सरळ होता, व त्याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. तळे वाचविण्याचा खर्च काठावरच्या एकट्या कुणब्याने सोसावा हे न्यायाचे नव्हे, एवढे मात्र आम्ही त्याला म्हणालो. फवाऱ्यावाचून पिकविलेल्या धान्यास चार पैसे अधिक देण्याची तयारी आपल्या पेढ्यांनी दाखविली, तर अशा शेतकऱ्यास थोडा आधार होईल. हा विचार संघाच्या पुढील सभेत मांडण्याचा आमचा मानस आहे.

दुसरी सूचना त्याहून लहान आहे, व तिला ठरावाची गरज नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या वखारी आहेत, आणि प्रत्येक वखारीमागे एखादे गटार किंवा नाला आहेच. धुरी दिलेल्या धान्याचा केर, औषधाची रिकामी डबी, सडका माल यांतील काहीही त्यात जाऊ नये. आम्ही हैदराबादेस परतल्यावर पहिले काम हे केले की, वखारीच्या मागील मोरीचे तोंड बुजविले, आणि केराची वेगळी व्यवस्था लावली. चाळीस वर्षे उशीर झाला हे खरे. पण उशिरा का होईना, हिशेब मिटविणे चांगले.

घरी पोहोचलो तेव्हा मातोश्री देवघराच्या उंबऱ्याशी बसल्या होत्या. खडा आणला नाही हे सांगताना आम्हांस थोडे अवघडल्यासारखे झाले. रक्षकाचे बोलणे, वृद्ध दुकानदाराचा हिशेब, आणि १९८६ सालची गोष्टही, आम्ही सर्व सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “त्या दिवशी त्यांनी उपवास का केला, ते मला आज कळले.” आणि थोड्या वेळाने, “राहू दे तो खडा. दुकानच्या पापडखाराने आजवर कोणाचे पापड बिघडले आहेत?”